‘आढळत नाही’ आणि ‘पाहता आले नाही’ : संगणकीय शोधातील बंद फोल्डरांविषयी

तौलनिक साहित्याभ्यासात ‘आढळते’ या विधानापेक्षा ‘आढळत नाही’ हे विधान अधिक जोखमीचे असते. एखादे पद, एखादा शब्द किंवा एखादे कथाबीज अमुक हस्तलिखितात आढळते असे म्हणणाऱ्याने एक पृष्ठ दाखविले की त्याचे काम भागते. ते आढळत नाही असे म्हणणाऱ्याने मात्र सगळी पृष्ठे पाहिलेली असावी लागतात. जोवर अभ्यासक स्वतः पोथ्या सोडून पाहत होता, तोवर कोणते बासन आपण उघडले नाही हे त्याचे त्यालाच ठाऊक असे. आता हे काम संगणकाकडे सोपविले जाते. हस्तलिखितांच्या प्रतिमा आणि त्यांवरून तयार केलेल्या संहिता एका हार्ड डिस्कवर शेकडो फोल्डरांत साठविलेल्या असतात, एक लहानशी आज्ञावली त्या सर्वांतून फिरते आणि उत्तर आणून देते. त्या फेरफटक्यात काही फोल्डर तिला उघडताच आले नाहीत, तर ती काय करते? हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो. प्रस्तुत लेखात तो संहिताभ्यासाचा प्रश्न म्हणून मांडावयाचा आहे, आणि त्यासाठी जावा या संगणकभाषेतील व्यवस्थेचा आधार घ्यावयाचा आहे.

जावाच का, याचे उत्तर सोपे आहे. आपल्या विद्याशाखेतील मंडळी जी शोधसाधने नकळत वापरतात, त्यांतील पुष्कळशी या भाषेत लिहिलेली आहेत. मजकुराची सूची बांधणारे ‘ल्युसीन’ हे साधन जावातले. भारतीय विद्यापीठांचे प्रबंध ज्या ‘शोधगंगा’ भांडारात ठेवले जातात, त्याचा पाया असलेली ‘डीस्पेस’ ही प्रणालीही जावातलीच. त्याखेरीज, फोल्डर बंद असणे या घटनेकडे जावाने तीन निरनिराळ्या काळांत तीन निरनिराळ्या रीतींनी पाहिले आहे, आणि त्या तीन रीती आपल्या पाठचिकित्सेच्या परंपरेशी ताडून पाहण्याजोग्या आहेत.

प्रश्नात नेमके काय पणाला लागले आहे, हे जयपूरच्याच एका उदाहरणाने स्पष्ट होईल. नामदेवांची हिंदी पदे महाराष्ट्राबाहेर दोन मोठ्या परंपरांनी जतन केली. एक शिखांची, गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. दुसरी राजस्थानातील दादूपंथाची. जयपूरजवळच्या नरैना येथे दादू दयाळांचे पीठ आहे, आणि या पंथाच्या ‘पंचवाणी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहांत दादू, कबीर, नामदेव, रैदास आणि हरदास अशा पाच संतांची वाणी एकत्र लिहिलेली असते. सतराव्या शतकातील अशा राजस्थानी हस्तलिखितांच्या आधारे विनांद कॅलवार्ट आणि मुकुंद लाठ यांनी नामदेवांच्या हिंदी पदांची आवृत्ती १९८९ मध्ये सिद्ध केली. लाठ हे जयपूरच्या राजस्थान विद्यापीठात अध्यापन केलेले अभ्यासक. संगीत आणि संहिता या दोहोंकडे सारख्याच अधिकाराने पाहणारी अशी माणसे थोडी. ही पदे आधी गायकांच्या मुखी होती आणि तेथून लेखकांच्या हाती आली, हे त्यांच्या विवेचनाचे महत्त्वाचे सूत्र आहे. साहजिकच कोणत्या प्रतीत कोणते पद आहे, कोणत्या क्रमाने आहे आणि कोणत्या प्रतीत ते मुळीच नाही, हे सगळे येथे पुरावा म्हणून उभे राहते. पदाची अनुपस्थिती हीदेखील येथे साक्ष देते. दोन प्रतींत तीच ती पदे गळालेली असतील, तर त्या दोन प्रती एका शाखेच्या असाव्यात असा तर्क करता येतो.

आता अशी कल्पना करावी की, एका अभ्यासकाने बारा प्रतींच्या संहिता टंकित करून घेतल्या आहेत. प्रत्येक प्रतीला एक फोल्डर, त्याच्या आत रागवार उपफोल्डर, त्यांत पदांच्या फाइली. सातव्या प्रतीचे काम दुसऱ्या संगणकावर दुसऱ्या व्यक्तीने केले आणि ते डिस्कवर उतरविताना त्या फोल्डरावर फक्त त्या व्यक्तीपुरती अनुमती राहिली. शोध चालविला जातो. एक विशिष्ट पद अकरा प्रतींत मिळते, सातवीत मिळत नाही. अभ्यासक सातवी प्रत वेगळ्या शाखेची मानतो, त्यावर एक परिच्छेद लिहितो, तो परिच्छेद पुढे दुसरा कोणी उद्धृत करतो. वास्तविक सातव्या प्रतीचे एक पानही उलटले गेलेले नाही. एका न उघडलेल्या फोल्डरातून हस्तलिखितांची एक शाखाच जन्माला येते.

येथे फोल्डर या वस्तूविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. मराठी अभ्यासकाला ही रचना परकी नाही. पेशवे दप्तरात कागदांचे पुडके, पुडक्यांचा रुमाल आणि रुमालांचे दप्तर अशी चढती उतरंड असते. राजस्थानात रुमालाऐवजी ‘बस्ता’ म्हणतात. संगणकातील फोल्डर हा असाच रुमाल. फरक इतकाच की, रुमालाची गाठ कोणालाही सोडता येते आणि फोल्डराची गाठ कोणी सोडावी हे नोंदलेले असते. युनिक्स आणि लिनक्स यांसारख्या प्रणालींत फोल्डरावरील अनुमती दोन वेगवेगळ्या गोष्टींची असते, आणि हा भेद फारसा कोणी लक्षात घेत नाही. ‘वाचन’ अनुमतीने आतील नावांची यादी पाहता येते. ‘प्रवेश’ अनुमतीने आत जाऊन एखाद्या नावाची वस्तू हाती घेता येते. पहिली आहे आणि दुसरी नाही, अशा स्थितीत आत काय आहे ते दिसते, पण काहीच उघडता येत नाही. छापील सूची मिळाली आणि ग्रंथपालाने पोथी मात्र दिली नाही, असा हा प्रकार. दुसरी आहे आणि पहिली नाही, अशा स्थितीत नाव ठाऊक असेल तर पोथी मिळते, पण सूची दाखविली जात नाही. खाजगी संग्रहांत काम केलेल्या प्रत्येकाला हा दुसरा अनुभव ओळखीचा असेल! शोध घेणाऱ्या आज्ञावलीला मात्र नावे आधी ठाऊक नसतात. ती यादीवर अवलंबून असते. म्हणून यादी नाकारली गेली की तिच्या दृष्टीने सगळेच नाकारले गेले.

जावाची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये आली. तेव्हापासून फोल्डरातील वस्तूंची यादी मागण्यासाठी ‘लिस्ट’ नावाची सोय होती आणि ती आजही वापरात आहे. फोल्डर रिकामा असेल तर ही सोय रिकामी यादी देते. फोल्डर उघडता आला नाही, वाचताना काही बिघाड झाला, किंवा ज्याला आपण फोल्डर समजत होतो तो फोल्डरच नव्हता, तर ती ‘नल’ देते. नल म्हणजे यादीचाच अभाव. रिकामी यादीसुद्धा नव्हे. रिकामा रुमाल आणि न सुटलेला रुमाल यांतील भेद भाषेच्या कर्त्यांनी येथे राखला आहे, हे मान्य केले पाहिजे. पण रुमाल का सुटला नाही, हे सांगण्याची तरतूद त्यांनी ठेवली नाही. सगळ्या कारणांना एकच उत्तर, आणि तेही मुके.

या मुकेपणाचे परिणाम दोन दिशांनी होतात. ज्याने नलचा विचारच केलेला नाही, त्याची आज्ञावली पहिल्या बंद फोल्डराशीच कोसळते. ज्याने विचार केलेला आहे, तो बहुधा एक ओळ लिहितो : यादी नल असेल तर पुढे चला. ही दुसरी आज्ञावली व्यवस्थित चालते, शेवटपर्यंत जाते, तक्रार करीत नाही, आणि म्हणूनच माझ्या मते ती पहिलीपेक्षा अधिक घातक आहे. कोसळलेली आज्ञावली निदान काहीतरी बिनसले आहे हे सांगते. न कोसळलेली आज्ञावली ‘पाहता आले नाही’ याचे ‘आढळत नाही’ असे भाषांतर करते आणि त्याची वाच्यता करीत नाही. अडचणीच्या जागा गुपचूप गाळून ओघवता मजकूर देणारा अनुवादक आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. ही आज्ञावली त्याची सख्खी बहीण.

यावर एक उपाय म्हणून फोल्डर उघडण्यापूर्वी तो वाचता येईल काय, असे आधी विचारून घ्यावे असे सुचविले जाते. तशी सोयही जावात आहे. परंतु विंडोजवर जुन्या ‘कॅनरीड’ या सोयीचे उत्तर फोल्डरांच्या बाबतीत भरवशाचे नसते; अनुमती नसतानाही होकार मिळू शकतो. नंतरच्या ‘इझरीडेबल’ या सोयीची परीक्षा अधिक काटेकोर असली, तरी तिचे उत्तर मिळाल्या क्षणीच शिळे होते, असे जावाचे दस्तऐवजच बजावतात. विचारणे आणि उघडणे या दोन क्रियांच्या मध्ये अनुमती बदलू शकते. दार उघडे आहे काय याची चौकशी करण्यापेक्षा ते उघडून पाहावे आणि न उघडल्यास त्याची नोंद करावी, हाच खरा मार्ग.

जुलै २०११ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने फाइलव्यवस्थेचे सगळे घर नव्याने बांधले, आणि मार्च २०१४ च्या आठव्या आवृत्तीने त्यात ‘फाइल्स.वॉक’ आणि ‘फाइल्स.फाइंड’ या दोन आटोपशीर सोयी जोडल्या. कालक्रम सोडून या आठव्या आवृत्तीतील सोयींकडे आधी पाहू, कारण आज बहुतेक लोक त्याच वापरतात. एका ओळीत सगळा वृक्ष चढून-उतरून पाहता येतो, हे त्यांचे आकर्षण. बंद फोल्डर लागला की मात्र त्या अपवाद उभा करतात, म्हणजे ‘एक्सेप्शन’ फेकतात, आणि फाइलींचा चाललेला प्रवाह तेथेच तुटतो. नवख्याला वाटते की, आपण निवडीच्या अटीत हा अपवाद झेलू. तसे होत नाही. फाइल अटीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच, म्हणजे फेरफटका मारणारी यंत्रणा पुढचे पाऊल टाकीत असतानाच, अपवाद उद्भवतो. नेहमीच्या वापरात तेथून पुढे जाता येत नाही. निष्कर्ष शेवटी एकत्र मिळणार असतील तर काहीच हाती लागत नाही. ते एकेक करून छापले जात असतील तर अर्धी यादी हाती लागते. कोणती अर्धी, हेही निश्चित नाही. फोल्डरांचा क्रम फाइलव्यवस्थेच्या मर्जीवर असतो. खालचा लाल मजकूर न वाचता वरची अर्धी यादीच कोणी पूर्ण मानली, तर परिणाम पुन्हा तोच. एका बंद बस्त्यासाठी सगळे दप्तर परत पाठविणाऱ्या कारकुनासारखी ही वागणूक आहे. तिच्यात प्रामाणिकपणा आहे, पण संशोधनाच्या कामी ती उपयोगाची नाही.

सातव्या आवृत्तीतील ‘वॉकफाइलट्री’ ही सोय दिसायला अवजड असली, तरी माझ्या दृष्टीने तीच खरी विद्वानांची सोय आहे. येथे फिरण्याचे काम यंत्रणा करते आणि प्रत्येक टप्प्यावर काय करावे हे आपण नेमलेल्या एका ‘अभ्यागता’ला विचारते. हे विचारणे चार प्रसंगी होते. फोल्डरात शिरण्यापूर्वी, एखादी फाइल समोर आल्यावर, फाइल किंवा फोल्डर यांपैकी एखाद्याला भेट देता आली नाही तेव्हा, आणि फोल्डर पाहून झाल्यावर. तिसऱ्या प्रसंगाचे नाव ‘व्हिजिटफाइलफेल्ड’. बंद फोल्डर येथे येतो, आणि येताना आपली हकिगत घेऊन येतो : मार्ग कोणता, आणि अडचण कोणत्या जातीची. प्रवेश नाकारला असेल तर ‘अ‍ॅक्सेसडिनाइड’, त्या नावाचे काही तेथे उरलेच नसेल तर ‘नोसचफाइल’, दुव्यांच्या मागे जाताना वाट फिरून आपल्याच शेपटीशी आली असेल तर ‘फाइलसिस्टिमलूप’. १९९६ सालचे मुके उत्तर येथे बोलू लागते. अभ्यागताने मार्ग आणि कारण आपल्या वहीत लिहून घ्यावे आणि ‘पुढे चला’ असे उत्तर द्यावे. शोध अडत नाही, आणि काय राहिले हेही विसरले जात नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. जावाबरोबर ‘सिंपलफाइलव्हिजिटर’ नावाचा तयार अभ्यागत मिळतो. अडलेल्या जागी तो अपवाद पुन्हा फेकतो, म्हणजे सगळा शोध थांबवितो. ही तिसऱ्या प्रसंगाची वागणूक आपण स्वतः बदलून घ्यावयाची असते. अनेकजण ती बदलतात खरी, पण नोंद न करता नुसतेच ‘पुढे चला’ लिहितात आणि एवढ्या उत्तम रचनेतून पुन्हा पहिल्या मुक्या आज्ञावलीवर येऊन पोहोचतात.

चौथा प्रसंग मला विशेष अर्थपूर्ण वाटतो. फोल्डर पाहून झाल्यावर यंत्रणा त्याबरोबर एक अपवाद देऊ शकते : फोल्डर उघडला होता, पण यादी वाचता वाचता मध्येच तुटली. जोडणी सैल झालेल्या डिस्कवर किंवा नेटवर्कवरून पाहताना हे घडते. म्हणजे काही फाइली पाहिल्या, काही राहिल्या. पोथीच्या भाषेत ही आद्यंतापैकी अंतहीन प्रत.

आणि येथेच आपल्या परंपरेकडे वळावयास हवे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, जिचे आदिपर्व वि. स. सुकथनकरांच्या संपादनाखाली १९३३ मध्ये पूर्ण झाले आणि जिचे काम १९६६ मध्ये संपले, तळटीपांची शिस्त पाहण्यासारखी आहे. एखाद्या प्रतीने श्लोक गाळला असेल तर तो लोप म्हणून नोंदला जातो. प्रतीची ती पत्रेच नष्ट झाली असतील तर ती प्रत त्या भागापुरती त्रुटित म्हणून वेगळी दाखविली जाते. लोप ही प्रतीची साक्ष आहे. त्रुटी हे साक्षीदाराचे मौन आहे. हा भेद पुसला तर पाठवंशाची मांडणीच कोसळेल, हे सुकथनकर आणि त्यांचे सहकारी जाणून होते. संगणकीय शोधाच्या कोष्टकात मात्र आपण आजही सर्रास दोनच खुणा वापरतो : आहे आणि नाही. तिसरी खूण, ‘पाहिले नाही’, असावयास हवी. आणि अर्धवट वाचलेल्या फोल्डरासाठी चौथी असल्यास उत्तम. युनिक्सवरील ‘ग्रेप’ हे साधे शोधसाधनसुद्धा आपले काम संपताना तीन निरनिराळे अंक ठेवून जाते : सापडले तर शून्य, सापडले नाही तर एक, अडचण आली तर दोन. विद्यापीठीय प्रबंधांच्या कोष्टकांत जो विवेक क्वचित दिसतो तो एका पन्नास वर्षांच्या जुन्या साधनात आहे, ही काहीशी लाजिरवाणी गोष्ट आहे.

त्याच घराण्यातील ‘फाइंड’ हे साधन बंद फोल्डर लागला की थांबत नाही. ‘अनुमती नाकारली’ असा शेरा मारून पुढे जाते. पण शेऱ्यांची यादी लांबली की ती डोळ्यांना खुपते. म्हणून शेरे ज्या वाटेने येतात ती वाटच एका बिनतळाच्या विहिरीकडे वळविण्याची युक्ती लोक एकमेकांना आवर्जून शिकवितात. प्रणाली सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला ती सोयीची असेल. अभ्यासकाने मात्र तिच्यापासून दूर राहावे. ते शेरे म्हणजेच आपल्या तळटीपा.

आतापर्यंत ज्या फोल्डरांचा विचार केला ते निदान नकार तरी देतात. नकार न देता बंद राहणाऱ्या जागा याहून अवघड असतात, आणि त्यांच्यासाठी जावाची कोणतीही सोय पुरी पडत नाही. नेटवर्कवरील ग्रंथालयाची डिस्क लिनक्स संगणकाला जोडलेली असते, तेव्हा ती एखाद्या फोल्डरासारखीच दिसते. जोडणी झालेली नसेल तर तो फोल्डर राहतोच. उघडतो, वाचता येतो आणि रिकामा असतो. अपवाद नाही, नल नाही, काही नाही. दुसरी जागा दुव्यांची. एखादा फोल्डर प्रत्यक्ष तेथे नसून दुसरीकडे असतो आणि येथे फक्त त्याचा दुवा असतो. जावाची फेरी सांगितल्याखेरीज दुव्यामागे जात नाही. ती दुव्याला एक साधी वस्तू समजून पुढे सरकते.

तिसरी जागा खास आपली, भारतीय भाषांची. १९९० च्या दशकात आणि त्यानंतरही कितीतरी वर्षे मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या प्रणालींत, हिंदी मजकूर कृतिदेवसारख्या फाँटांत टंकित होत असे. पडद्यावर ‘नामदेव’ दिसते, पण आत साठविलेली चिन्हे युनिकोडची नसतात. युनिकोडमधील ‘नामदेव’ हा शब्द तेथे कितीही वेळा शोधला तरी सापडणार नाही. फोल्डर उघडा, फाइल उघडी आणि संहिता बंद! जुन्या फाइली यूटीएफ-८ समजून ‘रीडऑललाइन्स’ या सोयीने वाचल्या, तर पुष्कळदा जावा चुकीच्या चिन्हांची तक्रार करून अपवाद फेकते, आणि तो आपल्या वहीत नोंदविता येतो. त्याच बाइटांवरून सरळ ‘स्ट्रिंग’ बांधली तर न समजलेल्या चिन्हांच्या जागी ती निमूटपणे प्रश्नचिन्हासारखी खूण भरते आणि गप्प राहते. येथेही निवड तीच आहे : बोलणारी सोय की मुकी सोय. केवळ प्रतिमा असलेल्या पीडीएफ फाइलींची गोष्ट याच वर्गातली. त्यांवर वेगळे लिहिण्याचे कारण नाही.

या मूक जागांवर उपाय एकच, आणि तो संगणकपूर्व काळातला आहे. दप्तरात किती रुमाल असावयास हवेत, प्रत्येकात किती कागद असावयास हवेत, याची यादी शोधाच्या आधी आपल्याजवळ असली पाहिजे. शोधानंतर पाहिलेल्यांची मोजदाद तिच्याशी ताडावयाची. तफावत आली की कोठे तरी एक दार बंद होते, हे कळते. जयपूरच्या पोथीखान्यातील हस्तलिखितांविषयी गोपाल नारायण बहुरा यांनी १९७६ मध्ये जे सूचीकार्य प्रसिद्ध केले, त्याचे महत्त्व मला या अर्थाने वाटते. त्यातील ‘खासमोहर’ संग्रहाच्या नावातच राजाच्या खास मोहरेचा उल्लेख आहे. कोणती वस्तू कोणाच्या अनुमतीची, हे जणू नावावरच कोरलेले. पोथी पाहावयास मिळो न मिळो, ती आहे एवढे सूचीमुळे कळते, आणि तिच्याविषयी ‘नाही’ म्हणण्याची चूक टळते. कपडद्वारातील कागदपत्रांची बहुरा आणि चंद्रमणी सिंह यांनी केलेली सूची १९८८ मध्ये आली. तोवर त्या दाराआड काय आहे याचा अंदाज बाहेरच्या अभ्यासकाला येणे कठीणच होते.

सूची म्हणजे संग्रह नव्हे आणि निवड म्हणजे दप्तर नव्हे, हेही येथे नोंदवावे लागते. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापली ती प्रामुख्याने खाजगी घराण्यांच्या संग्रहांवरून. पुण्याचे पेशवे दप्तर तेव्हा भारतीय अभ्यासकांना मोकळेपणाने पाहता येत नसे. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. आज ते खंड संगणकावर मिळतात. त्यांत जयपूरचा उल्लेख शोधणाऱ्याने ‘जयनगर’ आणि ‘जेनगर’ हीही रूपे शोधली पाहिजेत, हे सहसा ध्यानात असते. पण सगळी रूपे शोधूनही आपण दप्तर नव्हे तर त्यातील निवड शोधली आहे, हे लिहिण्याची पद्धत मात्र रूढ नाही. जयपूर संस्थानच्या जुन्या कागदांच्या बाबतीत तर स्थळाचाच प्रश्न आहे. १९५५ मध्ये स्थापन झालेले राजस्थान राज्य अभिलेखागार १९६० मध्ये जयपुराहून बिकानेरला गेले आणि संस्थानी कागदांचा मोठा भाग आता तेथे आहे. कर्नल टॉडने नेलेले अखबारात लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहेत. जावाच्या भाषेत पहिली अवस्था प्रवेश नाकारल्याची नसून ‘त्या मार्गावर ही वस्तू नाही’ अशी आहे. दोन्ही अपवाद एकाच पिशवीत टाकू नयेत. एकावर उपाय अर्ज करण्याचा असतो, दुसऱ्यावर प्रवास करण्याचा.

फोल्डर बंद असल्यास तो संगणकाच्या सर्वाधिकाराने उघडून घ्यावा, असा सल्लाही मिळतो. स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या फाइलींसाठी तो ठीक आहे. सामायिक संग्रहात तो मला मान्य नाही. विंडोजमधील ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’सारखा फोल्डर प्रणालीने स्वतःसाठी राखलेला असतो; त्यात आपली पदे नाहीत, तो नुसता नोंदवून सोडावा. पण एखाद्या मठाने, घराण्याने किंवा सहकाऱ्याने एखादा फोल्डर बंद ठेवला असेल, तर त्यामागे एक निर्णय असतो. तो अयोग्य वाटला तरी यंत्राच्या बळावर उलटविण्याचा अधिकार शोध घेणाऱ्याला मिळत नाही. ‘अमुक फोल्डर, अमुक दिनांकास, अनुमतीअभावी पाहता आला नाही’ एवढे वाक्य पुरेसे आहे. शिवाय काही फोल्डर आपण स्वतःहून वगळतो. अभ्यागताचा पहिला प्रसंग, म्हणजे शिरण्यापूर्वीचा, त्यासाठीच आहे. ‘ही फांदी सोडा’ असे तेथे सांगता येते. ही वगळणूकही त्याच वहीत यावयास हवी. फोल्डराच्या नावावरून वगळताना तर विशेष जपावे. जयपूरच्या संग्रहातील फतेहपूर येथे १५८२ मध्ये लिहिलेली सूरदासांच्या पदांची प्रत बहुरा आणि केनेथ ब्रायंट यांनी १९८२ मध्ये छायारूपात प्रसिद्ध केली. नाव सूरदासांचे, पण आत कबीरांचीही पदे आहेत. ‘सूर’ नावाचा फोल्डर कबीरांच्या शोधातून गाळणाऱ्याला ती मिळाली नसती.

ज्या आज्ञावलीची येथे अपेक्षा केली आहे तिची लांबी पन्नास-साठ ओळींहून अधिक होत नाही. तिने शेवटी दोन फाइली द्याव्यात. एकीत सापडलेली स्थळे. दुसरीत न पाहिलेल्या फोल्डरांचे आणि न वाचता आलेल्या फाइलींचे पूर्ण मार्ग, अडचणीची जात, शोधाचा दिनांक आणि आज्ञावली कोणाच्या खात्यावरून चालविली ते नाव. कारण अनुमती ही व्यक्तीगणिक बदलते, आणि तोच शोध दुसऱ्याने त्याच डिस्कवर चालविला तर वेगळे उत्तर येऊ शकते. ही दुसरी फाइल लेखाच्या परिशिष्टात छापावी. ती फार लांबली तर संपादकांची कुरकुर ऐकावी लागेल, ती ऐकावी. पुढे अनुमती मिळाली की सगळा शोध नव्याने चालविण्याची गरज पडत नाही. त्या फाइलीतील मार्गच आज्ञावलीला पुन्हा द्यावेत, आणि जे उघडतील त्यांच्यापुढे नवा दिनांक घालावा.